ट्रॉली मागे घेताना

गोठ्याची भिंत पडली त्याचा मला राग नव्हता. भिंत आधीच पोकळ झाली होती, आज ना उद्या पडणारच होती. राग याचा आला की भिंत पाडून आमची चिमणी ट्रॅक्टरवरून खाली उतरली आणि मलाच म्हणाली, "आत्या, त्याचं बरोबर होतं. मला खरंच काही येत नाही."

"पुन्हा त्याचा विषय काढलास तर उरलेली भिंत मी पाडीन, तुझ्या डोक्यावर," मी म्हटलं.

भगदाडातून गाय डोकं काढून आमच्याकडे बघत होती. तिच्या अंगावर एक वीटसुद्धा पडली नव्हती, पण अशी बघत होती की आम्ही दोघी तिच्या घरात न विचारता शिरलोय.

चिमणी म्हणजे माझ्या भावाची, दादाची, एकुलती एक मुलगी. लहानपणी हडकुळी होती म्हणून ते नाव पडलं, आता बटाट्याचं पोतं एकटीने खांद्यावर घेते तरी चिमणीच. तिची आई गेल्यापासून या घरात मी आहे, त्यामुळे तिला रागवायचा हक्क माझा आहे. दुसऱ्या कुणी तो घेतलेला मला चालत नाही, आणि पंपवाल्याने तो घेतला होता.

पंपवाला विहिरीवरचे पंप दुरुस्त करतो. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. दादाच्या डाव्या पायात क्लच दाबायचा जोर राहिला नाही, तेव्हापासून आमचा ट्रॅक्टर तोच चालवायचा. चिमणीशी त्याचं लग्न ठरल्यात जमा होतं, म्हणून घरच्यासारखा वावरायचा. रस्ता सरळ असला की कधी लहर आली तर स्टेअरिंग हिच्या हातात द्यायचा. ट्रॉली मागे घ्यायची वेळ आली की म्हणायचा, "उतर. हे तुझं काम नव्हे." ही मुकाट उतरायची, मागे धुळीत जाऊन उभी राहायची आणि हात हलवून ओरडायची. ट्रॉली नेमकी जागेवर लागायची. तो वर बसून मिशीत हसायचा आणि बघणारे म्हणायचे, काय हात बसलाय पोराचा.

आणि मग लागवडीच्या तोंडावर त्याने हिला बांधावर उभं करून सांगितलं की आपलं जमणार नाही. म्हणाला, तुझ्यासोबत माझी काही प्रगती नाही, सगळं मलाच करावं लागतं, तुला साधं काही येत नाही. हिच्या हातात खुरपं होतं, तरी हिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी तिथे असते तर ऐकून घेतलं नसतं. थोड्याच दिवसांत तो खतवाल्या दुकानदाराच्या कोऱ्या ट्रॅक्टरवर दिसायला लागला आणि खतवाल्याच्या मुलीशी त्याचं ठरल्याचं कानावर आलं. मुलगी चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण त्याला आधी मुलगी आवडली की ट्रॅक्टर, ते त्याचं त्याने सांगावं.

माणूस सोडून गेला म्हणून रडू येतं, जेवण जात नाही, ते मला कळतं. पण जाताना तो हिचं जे घेऊन गेला, ते मला सहन होईना. नुसत्या नजरेने सरळ सरी आखणारी ही पोर मला विचारायला लागली, आत्या, भाजीत मीठ घालू का? किती घालू? तूच चाखून बघ ना. दार लावलं तर परत जाऊन बघायची की लागलंय का. दुकानात कुणी दोन शब्द बोललं तर आधी माझ्या तोंडाकडे बघायची. माझा असा संताप व्हायचा की ताटातली भाकरी गिळवत नसे.

बटाटा निघाला तो असल्या दिवसांत. शेतात ओळीने ढीग लागले, वर पाचोळा पसरला आणि नको त्या वेळी आभाळ काळवंडायला लागलं. सकाळी माती हाताला कोरडी लागायची, दुपारी वारा पडायचा आणि अंगाला घाम चिकटायचा. काढलेला बटाटा भिजला की संपला. तो कोल्डमध्ये पोचायला हवा होता. शीतगृह असं पाटीवर लिहिलंय, पण त्याला सगळे कोल्डच म्हणतात.

दादाने जेवताना विषय काढला. "खतवाल्याशी बोललोय मी. आपला माल आपल्याच ट्रॅक्टरने त्यांचा माणूस नेऊन टाकील. मग ट्रॅक्टर ते ठेवूनच घेतील. नुसता उभा राहून गंजायचा, त्यापेक्षा बरं."

"त्यांचा माणूस म्हणजे कोण?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

दादा भाकरीचा तुकडा मोडत बसला.

चिमणी मोरीत भांडी घासत होती. तिच्या हातातला तवा असा आदळला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "माझ्या ट्रॅक्टरवर तो बसणार नाही," ती म्हणाली.

कितीतरी दिवसांनी तिचा आवाज वर चढला होता. मला इतकं बरं वाटलं की मी डाळ आणखी वाढून घेतली.

"मग कोण बसणार?" दादाही तापला. "माझा पाय बघतेस ना? कोल्डच्या माल उतरवायच्या धक्क्याला ट्रॉली उलटी लावावी लागते. पुढं कुणीही नेईल. मागं घेता येते तुला?"

"येईल."

"येईल नको सांगू. येते का?"

"परवापर्यंत येईल, बाबा."

"ठीक आहे. परवा धक्क्याला लावून दाखव. लागली तर ट्रॅक्टर आपल्या दारात राहील. नाही लागली तर मला परत काही म्हणायचं नाही, दोघींनीही."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती अंगणात ट्रॉली मागे घेत होती, आणि म्हणून भिंत पडली.

मी तिला परत वर बसवली. आणि पूर्वी ती उभी राहायची तशी मी मागे उभी राहिले, हात हलवायला लागले, "ये, ये, ये." ट्रॉली जराशी आली आणि कोपरात हात मुडपावा तशी मुडपून ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला जाऊन भिडली.

"अगं आत्या, ये ये काय करतेस? कुठं येऊ ते सांग की."

"मागं ये."

"मागं कुठं? ट्रॉलीचं ढुंगण कुठं चाललंय ते बघून सांगायचं असतं. तू माझ्या तोंडाकडं काय बघतेस?"

"मला काय कळतंय त्यातलं? एवढी शहाणी आहेस तर खाली ये आणि दाखव."

ती तणतणत उतरली. दंडाला धरून मला एका जागी उभी केली. "इथं उभं राहायचं. मागचं चाक दिसलं पाहिजे आणि वर बसलेल्याला आपला हात दिसला पाहिजे. ट्रॉली डावीकडं न्यायची असली तर स्टेअरिंग उजवीकडं कापायला, म्हणजे फिरवायला, सांगायचं. उलटं असतं ते. वळायला लागली की लगेच सोड म्हणायचं. मुडपल्यावर सांगून उपयोग नसतो, त्याच्या आधी सांगायचं."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला पाहिजे? रोज मागं उभं राहिलं की दिसतंच ना."

"मग त्याला कुठं कापायचं, कधी सोडायचं, हे कोण सांगायचं?"

"मीच की," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

तिने ट्रॉलीच्या चाकाकडे बघितलं, मग वरच्या रिकाम्या सीटकडे. मग हळूच म्हणाली, "आत्या, तो मागं बघतच नव्हता. तो माझ्या हाताकडं बघायचा." तिचं तोंड लाल झालं. पडलेल्या भिंतीतली एक वीट तिने उचलली आणि उकिरड्यावर भिरकावली. मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक विटेबरोबर ती त्याला काही ना काही म्हणत होती, ते मी इथे सांगत नाही. मी तिला अडवलं नाही. विटा कुणीतरी उचलायच्याच होत्या.

दमल्यावर ती ओढणीने तोंड पुसून वर चढली. "तू आता गप्प राहा. माझं मीच सांगते," म्हणाली. सीटवर आडवी वळून, एक हात मागच्या चाकावरच्या पत्र्यावर टेकून, ती स्वतःलाच मोठ्याने हुकूम सोडायला लागली. "उजवीकडं काप. सोड. सोड म्हटलं ना, गाढवा." गाढव कोण ते मी विचारलं नाही. अंधार पडेपर्यंत आमच्या अंगणाची ढेकळंन्‌ढेकळं फुटली. ट्रॉली दर वेळी लागत नव्हती, पण लागायला लागली होती.

ठरल्या दिवशी आम्ही दोघी पोती भरून कोल्डला पोचलो तेव्हा वारा पडला होता आणि आभाळ पार खाली आलं होतं. सगळ्या गावांचा माल त्याच दिवशी आलेला. आवार अरुंद, एका बाजूला भिंत, एका बाजूला लोखंडी खांब, समोर ट्रॉलीच्या उंचीचा सिमेंटचा धक्का. आमच्या पुढे नेमका खतवाल्याचा कोरा ट्रॅक्टर होता, आणि वर पंपवाला.

त्याची पाळी आली. तो मागे घ्यायला लागला आणि ट्रॉली मुडपली. पुढे घेतला, परत मागे घेतला, ट्रॉली दुसऱ्या बाजूला मुडपली. तिसऱ्यांदा खांबाला घासली आणि कोरा रंग निघाला. हमाल धक्क्यावर उभे राहून "ये, ये" करत होते.

"नीट सांगा की," तो त्यांच्यावर डाफरला.

"आम्ही आणखी काय नीट सांगणार? तूच वाकडा येतोस," एक हमाल म्हणाला. मागे रांगेत हॉर्न वाजायला लागले. कुणीतरी विचारलं, आज लावतोस का पुढच्या हंगामात?

कोल्डचा मुकादम वैतागून खाली उतरला. त्याने चिमणीला ओळखलं. "ताई, याला नेहमी तुम्हीच सांगायच्या ना मागून? सांगा बरं जरा, सगळा खोळंबा झालाय."

मी चिमणीकडे बघितलं. म्हणजे आवारातल्या सगळ्यांनी ते बघितलं होतं. दिसलं नव्हतं ते आमच्या गावाला, मला आणि तिला स्वतःला.

पंपवाल्याने मान वळवली. आम्ही मागे आहोत हे त्याला तेव्हा कळलं. क्षणभर चेहरा पडला, मग तेच ते हसू आणून म्हणाला, "ये ना, उभी राहा जरा मागं. पहिल्यासारखी."

ती उतरून त्याच्या ट्रॅक्टरपाशी गेली. मला वाटलं जाते आता मागे.

"तू पुढं घे आणि बाजूला लाव," ती त्याला म्हणाली. "आभाळ फाटायला आलंय आणि माझा माल उघडा आहे. आधी माझी लागू दे."

"तुझी? लावणार कोण?"

ती आपल्या ट्रॅक्टरकडे चालायला लागली. मुकादमाने हात केला तसा त्याला ट्रॅक्टर बाजूला घ्यावाच लागला.

चिमणी वर बसली. मी सवयीने मागे जाऊन हात वर केला, तर म्हणाली, "आत्या, गप्प." मग तिचे ओठ हलायला लागले. पहिल्या वेळी ट्रॉली तिरकी आली. रांगेतलं कुणीतरी हसलं. ती माझ्याकडे बघेल असं वाटलं, पण बघितलं नाही. पुढे घेतली, चाकं सरळ केली, पुन्हा मागे यायला लागली. इतकी हळू की चाक फिरतंय की नाही ते कळेना. ट्रॉलीचा मागचा कोपरा धक्क्याच्या रबराला जोरात घासला, आणि ट्रॉली लागली. जरा वाकडी होती, पण हमाल पाय टाकून आत उतरले.

"लागली, उतरवा," मुकादम ओरडला आणि दुसऱ्या कामाला निघून गेला. त्याच्या दृष्टीने एक ट्रॉली धक्क्याला लागली होती, बाकी काही झालं नव्हतं.

माल उतरला. चिमणी रिकामी ट्रॉली घेऊन पुढे आली, पंपवाल्याच्या बाजूला थांबली आणि म्हणाली, "आता तुझी राहिली. तू उतर, मी लावून देते."

"माझी मी लावीन."

"इतकी वर्षं मी खाली धुळीत उभी होते आणि तू वर बसून हसत होतास. नंतर गावभर सांगितलंस की हिला काही येत नाही. उतर. हे तुझं काम नव्हे."

तो उतरला नाही. उतरेल असं मलाही वाटलं नव्हतं. शेवटी मुकादमाने त्याची ट्रॉली आवाराच्या कोपऱ्यातच उभी करायला लावली आणि हमालांनी पोती पाठीवरून वाहून नेली. प्रत्येक पोत्यामागे एक शिवी होती आणि त्याला ती वर बसून ऐकावी लागली. पाऊसही त्याच वेळी सुरू झाला. मी देवाला एरवी फार काही मागत नाही.

घरी आलो तेव्हा दादा दारात उभा होता. बातमी आमच्या आधी पोचली होती. त्याने ट्रॅक्टरभोवती लंगडत एक फेरी मारली, ट्रॉलीचा घासलेला कोपरा बोटाने चाचपला. "वाकडी लागली म्हणे," म्हणाला.

"लागली ना?" चिमणी म्हणाली.

"खतवाल्याला नाही म्हणून सांगून आलो मघाशीच," दादा म्हणाला आणि आत गेला. ती गोठ्याच्या भगदाडापाशी उरलेल्या विटा रचायला लागली.

स्वयंपाक तिने केला. ताटं वाढली. दादाने पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. भाजीत मीठ चांगलंच जास्त पडलं होतं. तिने मला विचारलं नव्हतं, चाखायलाही दिलं नव्हतं. दादा तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. मग आम्ही दोघांनी भाजी पार संपवली, आणि मी वर आणखी मागून घेतली.