सुईएवढं भोक

"आत्तीच्या फोनला दिवा लावून देते. येत्या रविवारी तू बिनधास्त कबनूरलाच फोन कर," असं दीप्तीनं आतेभावाला सांगून टाकलं, तेव्हा काम सोपं वाटलं होतं.

आतेभाऊ संघर्ष सैन्यात होता. दर रविवारी दुपारी जम्मूहून, एसटीडीच्या रांगेत उभा राहून, आईला फोन करायचा. आई म्हणजे आक्काताई कबनूरला एकटीच राहायची. सगळी उमर यंत्रमागांच्या खडखडाटात गेली, त्यात कान गेले. रिसीव्हर कानाला घट्ट दाबला आणि पलीकडचा ओरडून बोलला तर तिला कळायचं, पण घंटी काही ऐकू यायची नाही. फोन वाजून वाजून गप्प व्हायचा. आता येत्या रविवारनंतर संघर्षची पलटण काही महिने वर, बर्फात जाणार होती. तिथून फोन जमणार नव्हता. म्हणून त्यानं वैतागून कोल्हापूरला मामाच्या घरी फोन लावला होता, आणि तो मामाच्या मुलीनं, दीप्तीनं उचलला होता. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून स्टॅबिलायझरच्या कारखान्यात नोकरीला होती. घंटी वाजली की भिंतीवरचा बल्ब लुकलुकवायचा, एवढंच तर करायचं होतं.

सर्किट बनवायला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली पाटी तिनं आणली. त्यावर नेलपॉलिशनं रेषा काढल्या, आणि रसायनात बुडवून रेषा सोडून बाकीचं तांबं विरघळू दिलं. मोरीला पिवळे डाग पडले, पण पाटी झकास निघाली. आता फक्त सुट्या भागांचे पाय घालायला भोकं पाडायची होती. सुईएवढी.

कारखान्यात पाट्या भोकं पाडूनच यायच्या. ती कशी पडतात याचा दीप्तीनं कधी विचारच केला नव्हता.

भोकं पाडायचे बारीक बिट, म्हणजे ड्रिलची टोकं, तिनं चार-पाच आणले होते, पण घरातल्या हातड्रिलच्या जबड्यात ते बसेचनात. तिनं एकाला तांब्याची तार गुंडाळली. बसला, पण फिरताना डुलायला लागला आणि पहिल्याच भोकात मोडला. तुकडा आतच राहिला. मग ती पाटी घेऊन उद्यमनगरात गेली. तिथल्या मशीनवाल्यानं बिट चिमटीत धरून उजेडात बघितला.

"ह्ये ड्रिल हाय व्हय? आमच्या मशीनच्या जबड्यातनं ह्ये गळून पडंल की, ताई."

घरी येऊन तिनं जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर काढली. पेनातल्या रिफिलचा तुकडा कापून मोटरच्या दांड्याला बिट जोडला. मोटर झोकात फिरली. बिटाचं टोक मात्र पाटीवर नाचत होतं. ठरल्या जागेच्या शेजारीच भोक पडायचं, भोकाभोवतीचं तांब्याचं कडं उखडून यायचं. आणखी बिट मोडले.

"सरळ धर की," कॉटवरून आबा म्हणाले. तिचे वडील. एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते, निवृत्त झाल्यापासून त्यांचा वेळ जात नव्हता. "मनगाट हलतंय तुझं."

"धरलंय सरळ."

"कुटं सरळ? डावीकडं कललंय बघ."

"आबा, जरा गप्प बसा की!"

रविवार उजाडला तेव्हा एकच बिट उरला होता. नवे मिळतात का बघायला ती सकाळीच लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेली. दुकानदार म्हणाला, एवढे बारीक पुण्याहून मागवावे लागतील. ती हात हलवत परत आली, तर आबा तिच्या खुर्चीवर बसले होते. समोर पाटी, हातात मोटर आणि मोटरला अर्धाच बिट.

"दोन झकास पडली बघ," ते म्हणाले. "तिसऱ्याला गेला."

"कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"तुझं हुईना, म्हटलं बघावं..."

"तुमचा हात थरथरतोय, आबा! चहाची बशी धरवत न्हाय तुम्हाला, आणि ड्रिल धरताय?"

आबा उठले. मोटर टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेले. दीप्तीनं हाक मारली नाही. शिलाई मशीनची सुई नेढ्याशी मोडून, घासून, तीच मोटरला लावली. धूर निघाला, पाटी काळी पडली, भोक पडलं नाही. ती सारखी घड्याळ बघत होती. तिकडे संघर्ष रांगेत उभा असेल. फोन वाजेल आणि आत्ती शेजारीच गहू निवडत बसलेली असेल. तिनं सुई फेकून दिली. मग ती शोधत फरशीवर रांगली, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. रडूच यायचं बाकी होतं.

दुपारी फोन वाजला.

"मी कबनूरात हाय," आबांचा आवाज आला. "पोराचा फोन आलता. मी उचलून आक्काच्या कानाला लावला. पोटभर बोलली."

 हे इतकं सोपं होतं. आठवडाभर दीप्तीला सुचलं नव्हतं, आणि आपण सुटलो याच्या आनंदापेक्षा तिला त्याचाच राग जास्त आला.

"जाताना सांगायचं तरी!"

"तू कुटं ऐकायच्या मनात हुतीस?"

तेवढ्यात पलीकडे आक्काताईनं रिसीव्हर ओढून घेतला आणि सवयीनं ओरडली, "दीप्ते! दिवा कर गं तू! पोरगं खाली आल्यावर ह्यो तुझा बा दर रविवारी यील व्हय हितं?"

पुण्याहून बिट यायला पंधरवडा गेला. ते आले त्या संध्याकाळी आबा वर्तमानपत्र वाचत बसून राहिले. टेबलाकडं फिरकले नाहीत.

"आबा, पाटी धरता काय?"

"हात थरथरतोय न्हवं माझा?"

"दाबून धरल्यावर न्हाय थरथरत. मी बघितलंय." तिनं खुर्ची सरकवली. "त्या दिवशी मी... या की."

आबांनी दोन्ही पंजांनी पाटी लाकडावर दाबली. दीप्तीनं दोन्ही कोपर टेबलाला टेकवले आणि मोटर सरळ खाली उतरवली. तरी एक बिट मोडलाच, आणि तिच्या तोंडून शिवी गेली. आबा हसले नाहीत, सल्लाही दिला नाही. उखडलेल्या कड्यांच्या जागी तारा जोडाव्या लागल्या. पाटी अशी दिसत होती की कारखान्यात कुणी तपासणीलाही घेतली नसती.

पाटी आत्तीच्या फोनला बसवली त्या दिवशी दीप्तीनं कबनूरच्या कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला गेला.

"कोन हाय?" आक्काताई ओरडली. "लवकर बोला, हितं सारखा दिवा उघडझाप करतोय, डोळं दिपल्यात माझं!"