पेटिफरसाहेबांचं शेवटचं दुकान

मित्रांनो, इमारतीला घाम फुटत नाही, नाहीतर त्या मंगळवारी मी नखशिखांत भिजले असते. लंडनमधल्या एजवेअरच्या हमरस्त्यावरची मी एक जुनी, दुमजली इमारत. खाली रेखाकाकूंचं साड्यांचं दुकान आहे. मालकाला मला पाडून फ्लॅट बांधायचे होते. पुढच्या सोमवारी पाडकामाचं मशीन येणार होतं.

मला घडवलं पेटिफरसाहेबांनी, नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी. एका कपड्यांच्या कंपनीसाठी त्यांनी गावोगावी एक्केचाळीस दुकानं बांधली. चर्च आणि टाउन हॉल बांधणारे आर्किटेक्ट त्यांना 'दुकानवाला' म्हणून हिणवायचे. साहेब मनावर घेत नसत. दुकान उघडलं की समोरच्या फुटपाथवर घड्याळ धरून उभे राहायचे. अर्ध्या तासात वीस माणसं काचेपाशी थांबली नाहीत, तर दर्शनी भाग पुन्हा नव्याने आखायला घ्यायचे! माझ्यापुढे सव्वीस थांबली. दाराशेजारच्या माझ्या गर्द हिरव्या, चकचकीत टाइल्सचं काय कौतुक झालं म्हणून सांगू!

पुढे साहेब गेले, कंपनी बुडाली. एकेक करत माझी चाळीस भावंडं जमीनदोस्त झाली. मी एकटीच उरले. बसच्या धुराने टाइल्स काळ्याठिक्कर पडल्या, कुणी ढुंकून पाहीना.

पाहिलं ते काकूंच्या नातीने, तनूने. तिने जुने कागद शोधले, अर्ज केला. जपायच्या इमारतींच्या यादीत माझं नाव लागलं तरच मी वाचणार होते, आणि काकूंचं दुकानही. त्यासाठी कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, तपासनीस एलियट येणार होते. तनू आजीला आपल्या मोडक्या मराठीत एवढंच म्हणाली, "आजी, ट्यूसडेला साहेब बघायला येणार."

आता साहेब येणार म्हटल्यावर आपली माणसं काय करतात? काकूंनी रविवारी रंगारी बोलावला आणि काळ्या टाइल्सवर पांढराशुभ्र रंग फासला. मी आतल्या आत किंचाळत होते, पण ऐकणार कोण?

मंगळवारी तनू आली आणि भिंतीकडे धावली. "आजी, तू हे काय केला? टाइल्सच तर बघायची होती त्याला!"

"अगं बाई! पाहुण्याला ती काळी भिंत कशी दाखवायची?" काकूंनी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात एलियट आले. पांढरी भिंत पाहून त्यांनी फाइल मिटली. "सॉरी, जुनं काहीच उरलं नाही इथे." संपलं सगळं! माझ्या काचा थरथरल्या.

काकूंनी पदर खोचला आणि भिंतीला नखं लावली. तुळतुळीत टाइलवर रंग धरलाच नव्हता. साल निघावी तसा तो खालच्या काजळीसकट सुटू लागला. तनूही सरसावली. हिरवा रंग आधी वीतभर दिसला, मग हातभर. काकूंच्या बोटांतून रक्त आलं, तरी त्या थांबेनात.

एलियट चक्क गुडघ्यांवर बसले. "थांबा, थांबा! हा हिरवा मी फक्त कागदात वाचलाय. आजच पाडकाम थांबवायची नोटीस काढतो. सहा महिने कुणी हात लावणार नाही हिला."

ते गेल्यावर काकूंनी माझ्यावर हात ठेवला. "तीस वर्षं तुझ्या जिवावर दुकान चालवलं गं," त्या रडत म्हणाल्या, "आणि पाहुणा यायचा म्हटल्यावर तुझीच लाज वाटली मला."

मित्रांनो, यादीत नाव अजून लागलेलं नाही. दारात लॉरी थांबली की माझ्या छातीत धस्स होतं. तुमच्याकडे पाहुणे येणार असले तर खुशाल घर आवरा. पण कोपऱ्यातल्या जुन्या वस्तूला झाकू नका. आधी नुसत्या ओल्या फडक्याने पुसून तर बघा.