सीताफळीवरचे काळे भुंगेरे

माझी नणंद अपेक्षा सोलापूरच्या कॉलेजात किडे शिकवती. तिच्याकडं काचेच्या पेट्या हायत, त्यात नुसते भुंगेरे टाचलेले. शेणातले एका रांगेत, धान्यातले सोंडवाले दुसऱ्या, काजवे तिसऱ्या. काजवा बी भुंगेराच म्हणं! मिशा बघायच्या, पाय बघायचे, की कुळ ठरलं. एवढी चौकशी आमी सोयरीक जमवताना बी करत न्हाय.

तर बार्शीजवळच्या आमच्या सीताफळीला पिठ्या लागला. कापसागत पांढरी कीड, फळाला चिकटून बसलेली. दोन वर्षं व्यापाऱ्यानं माल नाकारला. आमचे मालक म्हणले, "यंदा बी असंच झालं तर झाडं तोडून ऊस लावतो." ती झाडं मी घागरीनं पाणी घालून जगवलेली.

अपेक्षानं डबीभर काळे भुंगेरे आणले, तांबड्या डोक्याचे. "वहिनी, हे ढालकिड्याच्या, त्या काळ्या ठिपक्यांच्या लाल किड्याच्या, कुळातले. पाठीवर ठिपके नाहीत, पण कुळ तेच. हे पिठ्या खातात." आमी ते बागेत सोडले.

महिन्याभरानं बघतो तर काय, झाडांवर पहिल्यापेक्षा मोठा पांढरा पिठ्या! मालक भडकले. फोनवर अपेक्षाला म्हणले, "तुज्या किड्यांनी वाट लावली माजी!" ती रडवेली झाली. "दादा, थांब, मी येते." पण ते कसले थांबतात? पंप पाठीवर घेतला नि औषध मारत सुटले. विहिरीजवळची दोन झाडं राहिली आन औषध संपलं.

अपेक्षा आली ती त्या दोन झाडांपाशी वाकली. एक पांढरं तिनं तळहातावर घेतलं. ते तुरुतुरु चालाय लागलं. मग फळावर सोडलं, तर फळावरचा पिठ्याच खाऊ लागलं. अगं बया!

अपेक्षा म्हणली, "दादा, ही त्याच भुंगेऱ्यांची पोरं. लहानपणी पिठ्यासारखीच दिसतात. पेटीत आम्ही फक्त मोठे टाचतो रे. पोर मी कधी बघितलंच नव्हतं."

झाडांखाली मेलेल्यांचा सडा पडला हुता, त्यातनं मालक पाय जपून टाकत घरी गेले. मला दोघा भावाबहिणीचा लई राग आला, आन वाईट बी वाटलं.

फवारलेल्या झाडांवर पिठ्या परत चढला. विहिरीजवळची दोन तेवढी स्वच्छ. मालकांनी आधीच सांगून ठेवलेला झाडं तोडणारा माणूस मशीन घेऊन आला. मी दारातच उभी.

मालक त्याच्या आडवे झाले.

"एक बी झाड तोडायचं न्हाय," म्हणले. "पोरं हायत तितं."