चेहराच तसा आहे

सगळं त्या ट्रेनिंगमुळे झालं.

मी हितेश. पनवेलमध्ये एका कॉलेजच्या मुलांच्या हॉस्टेलवर केअरटेकर आहे. ट्यूबलाइट बदलण्यापासून ताप आलेल्याला डॉक्टरकडे नेण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. जूनमध्ये कॉलेजने आम्हा स्टाफला एका हॉलमध्ये बसवलं, समोसा दिला, आणि एका सरांनी सांगितलं, "मुलांचे चेहरे वाचा. पोरगं दुःखी दिसलं की विचारा. ते नाही म्हणेल. विश्वास ठेवू नका."

आम्ही नाही ठेवला.

पुढच्याच आठवड्यात प्रांजल आला. फर्स्ट इयर, बारामतीचा. भुवया मधून वर, ओठ दोन्हीकडून खाली, डोळ्यात कायम पाणी आल्यासारखं. मी चावी दिली तर असं बघितलं की मला वाटलं चुकून रूमच्या जागी जेलची दिली.

झाडलोट करणाऱ्या भीमाबाईंनी जिन्यातच धरला. "काय रं बाला, कोनी काय बोलला का तुला?"

"नाही हो मावशी."

भीमाबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणाला! सर म्हणाले होते तसंच!

मग सुरू झालं. मेसचे कमरुद्दीन चाचा त्याच्या ताटात रोज शिरा टाकायला लागले. "खा बेटा. मस्कतला मी पण घरची याद काढून रडायचो. अख्खी बिर्याणी खारट केली होती." रेक्टर सत्यवती मॅडम त्याला बोलावून कॅरम खेळायच्या आणि मुद्दाम हरायच्या. मॅडमना हरता येत नाही, त्यामुळे त्या राणी ढकलून घालवायच्या आणि दात-ओठ खायच्या.

मी पण कमी नाही. टीव्ही रूममध्ये तो एकटाच बसला होता, खांदे हलत होते. मी जाऊन घट्ट मिठी मारली. "रड भावा, मोकळा हो."

"दादा, कॉमेडी लागलीये," तो म्हणाला. "मी हसतोय."

तोंड बघितलं. हसताना पण तसंच.

मला थोडी शंका आली. पण सर म्हणाले होते.

मग भीमाबाईंनी त्याची दृष्ट काढली. त्याच्या रूममध्येच, मीठ-मिरच्या, तव्यावर निखारे. फायर अलार्म वाजला. अख्खं हॉस्टेल खाली. एक जण तर अंगाला साबण लावलेला, टॉवेलवर. सगळे खोकतायत आणि मध्ये प्रांजल, त्याच चेहऱ्याने. त्या दिवशी मात्र तो खरंच वैतागला होता, पण कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला. "मॅडम, मी रूम सोडतोय. रविवारी पप्पा गाडी घेऊन येतायत."

मॅडमचा चहा कपातच राहिला. "का रे? आणि राहणार कुठे?"

"आत्याकडे, उरणला. रोज बसने येईन."

"एवढं लांबून? लेक्चर कधी करणार, अभ्यास कधी करणार?"

"इथे पण होत नाही. वाचायला बसलं की कोणीतरी येऊन डोक्यावरून हात फिरवतं. मॅडम, मला काही झालेलं नाही. माझा चेहराच असा आहे."

तो गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "लपवतोय. हितेश, पोरगं हातचं जाता कामा नये. वडिलांशी मी बोलते."

रविवारी वडील, चारुदत्त काका, आले. तासभर उशिरा. गाडीतून उतरले आणि भीमाबाईंच्या हातातला झाडूच पडला.

सेम चेहरा. त्यात मिशी.

"दादा, कोन गेला वो?" भीमाबाईंनी हळूच विचारलं.

"कोणी नाही गेलं," चारुदत्त काका अंत्ययात्रेच्या तोंडाने म्हणाले. "पळस्प्याला रस्ता चुकलो, गोव्याच्या रोडला लागलो, पार कर्नाळ्याला गेलो. माकडं बघितली. लई मज्जा आली!"

मागून त्यांची छोटी मुलगी उतरली. वेफर्स खात. तोच चेहरा!

मॅडम खुर्चीत बसल्या. काकांनी मोबाईलवर स्वतःच्या लग्नाचा फोटो दाखवला. स्टेजवर अकरा जण, सगळ्यांच्या भुवया वर. "लोक विचारतात, नवरी पळवून आणली होती का."

चाचा आधी हसले. मग मॅडम. मग आम्ही सगळे, पोट धरून. त्या तिघांचे फक्त खांदे हलत होते.

"सॉरी रे प्रांजल," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "राहा ना. परत कोणी विचारणार नाही."

"मी स्वतः सांगेपर्यंत?"

"तू सांगेपर्यंत."

गाडीत चढवलेली बॅग मीच परत वर नेली.

आम्ही शब्द पाळला. भीमाबाई तो दिसला की भिंतीकडे तोंड करायच्या. चाचांनी शिरा बंद केला.

मग गणपतीच्या सुट्टीनंतर एका सकाळी प्रांजल ऑफिससमोर येऊन उभा राहिला. मी रजिस्टरात डोकं घातलं. भीमाबाई एकच फरशी पुसत राहिल्या. चाचा कांदे घेऊन चालले होते, ते पण थांबले. चेहरा तर रोजचाच.

"अहो, विचारा ना," प्रांजल म्हणाला.

"काय झालं?" सगळे एकदम ओरडलो.

"आईची आठवण येतेय."

चाचा कांदे तिथेच टाकून रवा भाजायला पळाले. मी खुर्ची दिली. मॅडमनी कॅरमबोर्ड काढला. भीमाबाईंनी कमरेच्या पिशवीतून मिरच्या काढल्या, म्हणजे बाई तयारीतच होत्या.

"भीमाबाई!" मॅडम किंचाळल्या. "पार्किंगमध्ये!"