वगळलेली वस्ती

तिने कीबोर्ड इतक्या जोरात पुढे ढकलला, की सरांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"खालची वस्ती मोजणीतून कुणी काढली?"

"मी. संगणकावरचा पुराचा रन रेंगाळत होता, आणि संध्याकाळी भिंतीबद्दल बैठक आहे." सरांनी बशी पुसली. "भिंत टिकली की वस्ती टिकली. साधं गणित आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संगणकात सकाळपासून पूर चढत होता. नदी, तिची संरक्षक भिंत, भिंतीमागची वस्ती, सगळं आकड्यांचं. आकडे इतके, की साठवायला जागा पुरेना. म्हणून पूर चालू असतानाच विचारू तेवढं मोजून ठेवायचं आणि बाकीचं पुसत जायचं. न विचारलेलं पुन्हा हाती लागत नाही. हे सरांनीच तिला शिकवलं होतं, आणि आता तेच हात झटकून मोकळे झाले होते.

"भिंतीला तडा नाही. निकाल आलाय, रन बंद कर."

"नाही करणार."

उभ्यानेच तिने वस्ती पुन्हा मोजणीत घातली. थोड्या वेळाने पडद्यावर नकाशा उमटला. भिंत ठणठणीत होती आणि तिच्यामागची वस्ती निळी झाली होती. सांडपाणी नदीत सोडणाऱ्या नाल्यातूनच नदी उलटी आत शिरली होती.

सर उठले.

"किती पाणी आहे?"

"तळमजले बुडालेत."

"शिरलं केव्हा? लोकांना निघायला वेळ किती मिळतो?"

"मला काय विचारता? तुम्हीच पुसलंत ते."

एरवी एवढ्यावर त्यांनी तिला खोलीबाहेर काढलं असतं. त्यांनी फोन उचलला. बैठक पुढे ढकलतील, असं तिला वाटलं.

"ताई, वस्तीतली ती वरच्या मजल्यावरची खोली घेऊन टाक. हो, भिंत आहे, तळमजला चालेल, असं मीच म्हणालो होतो. तरी घे. आजच."

आता तिचा राग उतरायला हवा होता. पण तो दुप्पट झाला. अख्ख्या वस्तीसाठी बैठक पुढे न ढकलणारा माणूस एका बहिणीसाठी हलला होता.

भिंतीच्या आलेखांची फाइल घेऊन सर दाराशी गेले.

"भिंत टिकते, हे काही खोटं नाही," ते म्हणाले. "आज बैठकीत तेवढंच सांगू."

"सांगा की. ताईंना काय सांगितलंत, तेही सांगा."

सर दारातून परतले. मग फाइल टेबलावर ठेवून त्यांनी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. तिने मान वळवली नाही. मोजणीत वस्ती सगळ्यात वर घालून तिने पूर पहिल्यापासून लावला.