दोन सूत उजवीकडं

शाहूपुरीत नीलम्मांचं काजूचं गोदाम आहे. त्याच्यामागं मिलिटरीची एक जुनी लॉरी पडून होती. दुसऱ्या महायुद्धातली. नीलम्मांच्या सासऱ्यांनी लिलावात घेतली, तिच्यातून गुळाच्या ढेपा वाहिल्या, आणि एक दिवस बंद पडली ती पडलीच. मी पाहिली तेव्हा तिच्या रेडिएटरमध्ये मुंगसाचं बिऱ्हाड होतं आणि त्याच्याकडं पोटभाडेकरू म्हणून नाग राहत होता. बॉनेटमधून उंबर उगवला होता. त्याच्या फळांना पेट्रोलचा वास यायचा. मी खाल्लीत, म्हणून सांगतो.

नीलम्मांचा मुलगा शशिधर बँकेत आहे. दोन वर्षं त्यानं एकही रविवार घरी काढला नाही. उद्यमनगरातल्या गुरुपाद मिस्त्रींना हाताशी धरून त्यानं ही लॉरी नट न् नट खोलली, घासली, पुन्हा उभी केली. आणि आता रंगसुद्धा वाळला, तर नीलम्मांनी फर्मान काढलं.

"रविवारी अकराला आजऱ्यासनं पोत्यांचा ट्रक येणार. मला ही जागा मोकळी पायजे. तुझी गाडी आपल्या चाकांवर भाईर गेली तर ठेव. न्हायतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी."

"अव्वा, आणि एक आठवडा..."

"दोन वर्षं एकेक आठवडाच मागालाईस की!"

शुक्रवारी संध्याकाळी इंजिन दोन दम चाललं. उचकी लागल्यासारखं, पण चाललं. गुरुपाद मिस्त्रींनी लगेच बंद केलं. इंजिनाच्या कुशीला वाटीएवढा एक डबा असतो, ठिणगी कुठल्या क्षणी पडायची ते ठरवणारा. तो नेमका जुळला होता. मिस्त्रींनी त्याच्यावर खडूनं रेघ मारली आणि आम्हां सगळ्यांना दम दिला, "रविवारपातूर हिला कुणी हात लावायचा न्हाय." आणि गेले गडहिंग्लजला लग्नाला.

इथंच चुकलं. कोल्हापुरात चार मिस्त्रींना इंजिन दाखवायचं आणि हात लावू नका म्हणायचं!

रविवारी सकाळी साडेनऊला शशिधरनं हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा हँडलनं असा उलटा झटका दिला, की त्याची चप्पल गोदामाच्या पत्र्यावर गेली. फाटकाशी भंगारवाल्याची क्रेन येऊन उभी होती. ड्रायव्हर तिचं इंजिन बंद करायला तयार नव्हता. तिथंच घुरघुर चालू. शशिधर एका पायात चप्पल घालून लॉरीभोवती फेऱ्या घालायला लागला. घड्याळ बघायचा, फाटक बघायचा, पुन्हा घड्याळ. मला बसवेना म्हणून मी उभा राहिलो, आणि उभं राहवेना म्हणून पुन्हा बसलो.

लग्नाहून परतलेल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. "रेघ कुठं हाय?"

"मी पुसली," चहावाली बायडाबाई म्हणाली. "पूजा करायची म्हनून हळदीकुंकू लावलं. गाडी घाण ठेवू व्हय?"

"आणि डबा कुणी फिरवला?"

कुणीच नाही. जोतीराम लेथवाल्यानं आईची शपथ घेतली. ट्रॅक्टरवाल्या बाळासोनं जोतिबाची घेतली. रिक्षा दुरुस्त करणारे आण्णा आभाळाकडं बघायला लागले.

"मिस्त्री, पहिल्यापासनं जुळवायला किती वेळ?" शशिधरनं विचारलं.

"खुणा गंजून गेल्यात. दुपार होतीया."

सव्वादहा झाले होते. मिस्त्री डब्याकडं वाकून बघत राहिले. मग टोपी काढली आणि कपाळ पुसलं.

"कोण हाय त्यो गडी," ते अगदी हळू म्हणाले, "काय हात हाय त्याचा! असलं बारीक काम मला जन्मात जमलं न्हाय. थोडंसंच ऱ्हायलंय. नाव कळलं असतं तर बॉनेटवर रंगवून घेतलं असतं."



"एक सूत उजवीकडं," जोतीराम खाकरला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "मी दिलतं. शनिवारी सकाळी."

"आणि तुझं चुकलेलं मी काढलं!" बाळासो उसळला. "अर्धं सूत डावीकडं."

"तुम्ही दोघं पोरं हाईसा," आण्णा म्हणाले. "खरं काम मी केलं. दीड सूत, उजवीकडं."

मिस्त्री खडूच्या तुकड्यानं मडगार्डवर आकडे मांडत होते. तेव्हा कुठं तिघांच्या डोक्यात प्रकाश पडला, पण शब्द तोंडातून गेले होते.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण बॉनेटवर नाव! तेही माझं नसलेलं!

"शेवटचे दोन सूत माझे," मी म्हणालो. "उजवीकडं. एका हातानं."

बेरीज झाली चार सूत उजवीकडं. मिस्त्रींनी डबा मोजून चार सूत डावीकडं आणला, नट आवळला. शशिधरनं हँडल मारलं. सायलेन्सरमधून असा बार उडाला, की बायडाबाईच्या किटलीचं झाकण उडालं. इंजिन मात्र थंड.

"एक जण खोटं बोलालाय," मिस्त्री म्हणाले.

साडेदहा. नीलम्मा गोदामाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि क्रेनवाल्याला हातानं आत बोलावलं. क्रेन फाटकातून वळायला लागली.  शशिधर लॉरीच्या नाकाशी जाऊन, पाठ टेकून उभा राहिला, म्हणजे साखळी अडकवायची झाली तर आधी त्याला बाजूला करावं लागेल.

सत्तर वर्षांत मी बऱ्याच थापा मारल्या. वाघाच्या, पुराच्या, पोलंडच्या राणीच्या. एकही परत घेतलेली नाही.

"मिस्त्री," मी म्हणालो, "माझे दोन सूत वजा करा."

"म्हंजे किती फिरवलंसा?"

"काहीच नाही. पाना लावला होता. नट हललाच नाही. जोर पुरला नाही."

"एका हातानं?" बाळासोनं विचारलं.

"दोन्ही हातांनी. आणि एक पाय लावून."

हशाला कारण मिळालं. जोतीराम तर मडगार्डवर हात आपटून हसला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी डबा दोन सूत उजवीकडं आणला, जिभेचं टोक दातांत धरून. शशिधरला म्हणाले, "मार."

पहिल्या हँडलला खोकली. दुसऱ्याला धरली. आधी एक सिलिंडर, मग दुसरा, मग सगळे एकदम. पत्रे थरथरले, उंबराची दोन वाळकी पानं कुठून तरी उडाली, आणि निळा धूर असा पसरला की क्रेनवाला न सांगता उलटा मागं गेला.

शशिधरच्या डोळ्यांतलं पाणी रडण्याचं की धुराचं, ते मी विचारलं नाही.

"चालू झाली न्हवं?" नीलम्मा ओरडल्या. "मग काढ की भाईर! ट्रक आला बघ!"

खरंच आला होता. अकराला वीस मिनिटं कमी असताना फाटकाबाहेर हॉर्न मारत उभा. शशिधर उडी मारून वर चढला, करकर करत गिअर टाकला, लॉरी हलली. आम्ही सगळे बाजूनं पळायला लागलो.

"मिस्त्री!" शशिधर वरून ओरडला. "ब्रेक लागंना!"

"ब्रेकचं काम फुडच्या महिन्यात हाय!"

"मग थांबायचं कसं?"

"चढ बघून घाल, आपोआप थांबतीया! त्र्यंबकराव, तुम्ही म्होरं पळा आणि वरडा, तुमचा आवाज मोठा हाय!"

मी पळालो. रविवारच्या बाजारात पिशव्या घेऊन निघालेली माणसं, रिक्षा, एक म्हैस, सगळ्यांना ओरडून सांगत होतो की मागून ब्रेक नसलेली मिलिटरीची लॉरी येतेय, बाजूला व्हा.

"व्हय व्हय, त्र्यंबककाका," पानपट्टीवाला बसल्या जागेवरून म्हणाला, "आणि चालवतंय कोण, पोलंडची राणी?"

कुणी हललं नाही. मी आणखी जोरात पळालो.