कोटाला नळी, झांजेला आटे

आत्याने झांज पालथी केली, मधल्या भोकात करंगळी घालून फिरवली आणि डॉक्टर जीभ बघतात तसा चेहरा करून म्हणाली, "हे गोल नाहीये."

"थोडंसं लांबट आहे," मी म्हटलं.

"मी दिली तेव्हा गोल होतं. आता इथे खाच पडलीये. खाचेतून तडा जातो. तडा गेला की झांज मेली."

झांज म्हणजे ड्रमसेटवरची, स्टँडवर डोलणारी मोठी चकती. आत्याने ती तेवीस वर्षं बोटीवरच्या बँडमध्ये वाजवली आणि मनगट गेल्यावर मला दिली, भोक जपायच्या बोलीवर. लोकांच्या आत्या लग्नाचं विचारतात. माझी भोक तपासते.

शनिवारी आमच्या बँडचा कार्यक्रम होता. आत्याने झांज स्वतःच्या पिशवीत घातली. "तुमची सरावाची खोली दाखव. मग ठरवते, ही परत द्यायची का नाही."

खोलीच्या मालकांना सगळे मामा म्हणतात, पण आजवर मामा आमचाच झालाय. त्यांच्या प्रत्येक स्टँडच्या टोकाला स्क्रूसारखे आटे पाडलेली लोखंडी दांडी आहे. त्या आट्यांवर बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची नळी चढवायची असते, म्हणजे झांज कितीही डोलली तरी आटे तिला कुरतडत नाहीत. एवढीशी नळी. चारही स्टँडांवर नव्हती.

"नळ्या कुठेत?" आत्याने विचारलं.

"झिजल्या हो ताई. प्लॅस्टिक ते, किती टिकणार?"

"नळी झिजावी म्हणूनच असते. नाहीतर झांज झिजते."

"भोकाकडे कोण बघतंय? लोक आवाज ऐकायला येतात."

भिंतीवर पाट्या होत्या. बूट बाहेर काढा, गालिचा मळतो. खुर्ची ओढू नका, फरशीला ओरखडे पडतात. दार हळू लावा, बिजागरीला त्रास होतो. त्या खोलीत बिजागरीलासुद्धा वाली होता.

आत्या टेकायला म्हणून मामांच्या ऑफिसात गेली आणि आत पाऊल टाकून थांबलीच. दारामागे कपडे अडकवायच्या चार बारीक लोखंडी खुंट्या. चारहींवर काळ्या नळ्या. एकीवर मामांचा कोट.

"उघड्या खुंटीने कोटाला भोक पडतं ना," मामा म्हणाले. लाजले असते तर तसं लिहिलं असतं.

"असं होय," आत्या म्हणाली. तिने कोट काढला, सरावाच्या खोलीत आणला, कॉलरमागच्या पट्टीतून स्टँडची उघडी दांडी घातली आणि वरून नट आवळला. मग मला म्हणाली, "बस. वाजव."

"ताई, लोकरी आहे तो."

"कोटाकडे कोण बघतंय? आवाज ऐका."

मी अख्खं गाणं वाजवलं. जिथे झांज, तिथे कोट. आवाज 'फप्प' असा यायचा. आमचा गिटारवाला म्हणाला, नेहमीपेक्षा बरं वाटतंय. तिसऱ्या कडव्यात कोटाने दांडीभोवती गिरकी घेतली आणि काहीतरी उसवल्याचा बारीक आवाज झाला. तो मात्र मामांना बरोबर ऐकू आला. ते ऑफिसात गेले आणि चारही नळ्या ओढून घेऊन आले.

त्या मी स्वतः दांड्यांवर चढवल्या आणि आत्याच्या पिशवीकडे हात पुढे केला.

"किती दिवस वाजवतेस इथे?" आत्याने विचारलं.

"पाच महिने."

"दांडीखाली झांजेची काळी भुकटी कधी दिसली नाही?"

दिसली होती. पहिल्याच आठवड्यात. मी फुंकर मारून उडवली होती.

"पण नळ्या मामांनी..."

"नळ्या मामांनी ढापल्या. झांज कुणाकडे होती?"

मला भयंकर संताप आला. इतका राग मामांसाठी साठवला होता आणि आता तो ठेवायला जागाच उरली नाही. कुठल्याही सायकलवाल्याने रबरी नळीचा तुकडा हसत दिला असता. मी मागितला नव्हता. मी रोज घरी जाऊन मामांना शिव्या घालत होते आणि त्याला झांजेची काळजी समजत होते.

"ताई, माझा कोट," मामा म्हणाले.

"शिवून घ्या," आत्या म्हणाली, आणि झांजेसकट पिशवी खांद्याला लावून जिना उतरली.

शनिवारी मामांचेच स्टँड नेले. चारही दांड्यांना नळ्या होत्या, झांजा उरलेल्या तीन. चौथ्या रिकाम्या स्टँडवर मी सवयीने दोनदा काठी फिरवली, हवेत. पहिल्या रांगेत बसलेल्या आत्याने दोन्ही वेळा मोजलं.